हिपॅटायटिस सी मध्ये फेरिटिन का वाढतं, हेप्सिडिनची टेस्ट करावी का, आणि लोखंडी कढईचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मिस्टरांना हिपॅटायटिस सी निघालाय, 1996 च्या अपघातात त्यांना रक्त चढवलं होतं, आता एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) 96 आहे, हिमोग्लोबिन 14, आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) 780 आलंय. कुणीतरी सांगितलं की अंगात लोह साठलंय, रक्त काढून टाकावं लागेल. तुम्ही नेटवर हेप्सिडिन नावाच्या हार्मोनबद्दल वाचलं आणि विचारताय की ती टेस्ट करू का, लोखंडी कढई-तवा बंद करू का. शिवाय तुमच्या नणंदेला हिपॅटायटिस बी आहे, हिमोग्लोबिन 8.9, फेरिटिन 9, आणि तिला घरच्यांनी "लिव्हरवाल्यांना लोह चालत नाही" म्हणून गोळ्या बंद करायला लावल्यात.

थेट उत्तर असं. मिस्टरांना हेप्सिडिनच्या टेस्टची गरज नाही, व्हायरसच्या औषधाची गरज आहे. आणि नणंदेच्या लोहाच्या गोळ्या तिच्या डॉक्टरांना विचारून या आठवड्यातच परत सुरू व्हायला हव्यात. मी बरीच वर्षं लिव्हरचेच पेशंट बघतोय आणि लोहाच्या बाबतीत एकाच घरात दोन उलटे सल्ले लागणं हे मी पुष्कळदा बघितलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे हार्मोन काय करतं ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश रक्तात, हिमोग्लोबिनमध्ये. रोजच्या जेवणातून आपण शोषून घेतो फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम. रोज लागणारं 20-25 मिलिग्रॅम लोह म्हाताऱ्या लाल पेशी मोडून परत वापरलं जातं, ते काम प्लीहा आणि लिव्हरमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे जुन्या पेशी गिळणाऱ्या पेशी, करतात. आता महत्त्वाची गोष्ट ही की जास्तीचं लोह बाहेर टाकायची कुठलीच सोय शरीराकडे नाही, ना लघवीतून ना घामातून, जे थोडं जातं ते झडणाऱ्या पेशींबरोबर किंवा रक्तस्रावात. म्हणजे सगळा कंट्रोल आत येतानाच ठेवावा लागतो, आणि तो ठेवतं हेप्सिडिन. हे 25 अमायनो ॲसिडचं छोटंसं प्रथिन लिव्हरमध्येच तयार होतं. आतड्याच्या आणि मॅक्रोफेजच्या पेशींवर फेरोपोर्टिन नावाची दारं असतात, लोह रक्तात यायचं तर याच दारातून. हेप्सिडिन जाऊन फेरोपोर्टिनला चिकटतं, पेशी ते दार आत ओढून नष्ट करते, लोह आतच अडकतं. कालव्यावरचा पाटकरी कसा, धरणात पाणी किती आणि शेताला गरज किती ते बघून चारीचं दार वर-खाली करतो, तसंच हे. लोह भरपूर असेल तर हेप्सिडिन वाढतं आणि दारं बंद, लोह कमी असेल किंवा रक्त बनवायची घाई असेल तर हेप्सिडिन घटतं आणि दारं उघडी.

हे सगळं ज्ञान तसं नवीन आहे, मी शिकत होतो तेव्हाच्या पुस्तकात हे नव्हतंच. 2000 साली जर्मनीतल्या आणि 2001 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना हे प्रथिन स्वतंत्रपणे सापडलं ते जंतू मारणारं प्रथिन म्हणून, लोहाशी काही संबंध आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 2001 मध्येच फ्रान्समधल्या टीम्सनी उंदरांवर दाखवलं की लोह वाढवलं की हे वाढतं, आणि ज्या उंदरांत हे बनतच नाही त्यांच्या लिव्हरमध्ये लोहाचा ढीग साठतो. फेरोपोर्टिनचं दार बंद करायची पद्धत 2004 मध्ये कळली. म्हणजे हिपॅटायटिस सी चा व्हायरस सापडला 1989 साली, आणि त्या पेशंटचं लोह का वाढतं याचं धड उत्तर द्यायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

लिव्हरचे व्हायरस आणि लोह यांचं काहीतरी नातं आहे हा संशय मात्र जुना. हिपॅटायटिस बी शोधणारे बारूक ब्लूमबर्ग, ज्यांना 1976 चं नोबेल मिळालं, त्यांच्या टीमने 1979 साली डायलिसिसच्या पेशंटमध्ये बघितलं होतं की ज्यांच्या अंगात व्हायरस कायमचा टिकला त्यांच्यात लोहाची पातळी, ज्यांनी तो परतवून लावला त्यांच्यापेक्षा जास्त होती. कारण तेव्हा सांगता येत नव्हतं, पण नजर बरोबर होती.

आता मिस्टरांच्या लिव्हरमध्ये काय चाललंय. एरवी शरीरात कुठलंही इन्फेक्शन झालं, सूज आली, की आयएल-6 नावाचा सिग्नल वाढतो आणि तो हेप्सिडिन वाढवतो, जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही नाकेबंदी. न्यूमोनिया, टीबी, संधिवात, सगळीकडे हेच दिसतं, म्हणूनच अशा आजारात हिमोग्लोबिन उतरतं. हिपॅटायटिस सी मध्येही सूज असतेच, शिवाय लोहाचा साठाही वाढलेला, म्हणजे दोन्ही कारणांनी हेप्सिडिन चांगलं वर असायला हवं. पण होतं उलटं. व्हायरसची प्रथिनं पेशीच्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे तिच्या ऊर्जाघरांवर, ताण आणतात, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, आणि त्या ताणामुळे हेप्सिडिनचं जीन चालू करणारे जे घटक असतात त्यांना डीएनएवर नीट बसताच येत नाही. एकीकडून सूज ढकलतेय वर, दुसरीकडून व्हायरस दाबतोय खाली, आणि बहुतेक वेळा दाबणारा जिंकतो. जपानमध्ये आणि इटलीत 2007 ते 2009 च्या सुमाराला यावर चांगलं काम झालं, त्यात हेच दिसलं की हिपॅटायटिस सी च्या पेशंटमध्ये हेप्सिडिन फेरिटिनच्या मानाने कमी असतं. "मानाने" हा शब्द इथे फार महत्त्वाचा. नुसता आकडा बघितला तर तो नॉर्मलही वाटू शकतो, पण 780 फेरिटिन असलेल्या माणसाचं हेप्सिडिन "नॉर्मल" असणं हेच मुळात नॉर्मल नाही. आणि इलाजाने व्हायरस गेला की हेप्सिडिन परत वर येतं हेही दिसलंय, त्यावरून दोष कुणाचा ते स्पष्ट आहे.

मग टेस्ट का नको, असं तुम्ही म्हणाल. एक तर ती रोजच्या वापरातली टेस्ट नाही, वेगवेगळ्या पद्धतीने केली की वेगवेगळे आकडे येतात आणि एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडता येत नाही. दुसरं, हेप्सिडिन दिवसभरात वर-खाली होतं, सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. तिसरं, किडनीतून ते बाहेर जातं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर उगाचच वाढलेलं दिसतं. आणि चौथी गोष्ट नेटवर वाचणाऱ्यांसाठी, सुरुवातीच्या काळातले बरेच पेपर प्रोहेप्सिडिन मोजून लिहिलेले आहेत, म्हणजे हार्मोन तयार व्हायच्या आधीचा कच्चा तुकडा, आणि त्याचा खऱ्या हेप्सिडिनशी धड मेळ बसत नाही हे नंतर कळलं. त्यामुळे जुने पेपर वाचून "बी मध्ये वाढतं", "सी मध्ये काहीच होत नाही" असे निष्कर्ष काढू नका, आधी त्यांनी मोजलं काय ते बघा. या सगळ्याहून मोठं कारण म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी तुमच्या मिस्टरांचा इलाज बदलणार नाही.

त्याऐवजी एक स्वस्त टेस्ट करा जिला माझ्या मते आपल्याकडे फार कमी लोक विचारतात, ती म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोहाने किती टक्के भरलंय ते. सीरम आयर्न आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून न्यायची एकूण क्षमता) सकाळी उपाशीपोटी करायचं, आदल्या दिवशी लोहाची गोळी किंवा टॉनिक घ्यायचं नाही, मग आयर्नला टीआयबीसीने भागून शंभरने गुणायचं. समजा आयर्न 168 आलं आणि टीआयबीसी 320, तर 52.5 टक्के. साधारण 20 ते 45 मध्ये असावं. नुसत्या फेरिटिनवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, कारण फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं तसंच ते सूज आली की वाढतं आणि लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यातून रक्तात सांडतं, एसजीपीटी 96 असलेल्या माणसाच्या 780 मधलं बरंचसं असं सांडलेलं असू शकतं. सॅच्युरेशन तुम्हाला सांगतं की दार उघडं आहे की बंद. फॅटी लिव्हर, पोट सुटलेलं, शुगर, अशा माणसाचं फेरिटिन 700 येतं पण सॅच्युरेशन 30 असतं, तिथे हेप्सिडिन उलट वाढलेलं असतं. फेरिटिन तेच, 700-800, पण सॅच्युरेशन 50 च्या वर असेल तर तिथे हेप्सिडिन कमी पडतंय असं समजायला जागा आहे. म्हणजे हार्मोन न मोजताही त्याचा कल बऱ्यापैकी कळतो. एकच सावधगिरी, सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक, गाठाळ होणं) झालेला असेल तर लिव्हर ट्रान्सफेरिनच कमी बनवतं आणि सॅच्युरेशन फुगून दिसतं, शिवाय हेप्सिडिन बनवणाऱ्या पेशीही घटलेल्या असतात, तेव्हा तिथे आकडे जपून वाचावे लागतात.

कुणी लगेच आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसची, म्हणजे अंगात लोह साठत जाणाऱ्या आजाराची, जीन टेस्ट करायला सांगितली तर घाई करू नका. युरोपात जीनमधल्या ज्या सी282वाय नावाच्या बदलामुळे तो आजार होतो तो भारतीयांमध्ये फारच दुर्मिळ आहे. व्हायरस गेल्यावरही सॅच्युरेशन वरच राहिलं तर त्या वाटेला जाऊ.

आता लोह साठलं तर बिघडतं काय, हे पण सांगतो कारण मी ही गोष्ट हलक्यात घेतोय असं वाटायला नको. सुटं लोह पेशीत फिरायला लागलं की हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची रिॲक्शन होऊन फार घातक रॅडिकल तयार होतात, ते डीएनए, पेशीचं आवरण, सगळं जाळतात, त्यातून लिव्हरमध्ये तंतू तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि फायब्रोसिस वाढतो, पुढे कॅन्सरचा धोकाही. म्हणजे व्हायरस नुकसान करतोच, वर हेप्सिडिन दाबून लोहालाही आत घेतो आणि ते लोह त्याच्याच नुकसानीत भर घालतं. म्हणून जपानमध्ये डॉक्टर 1990 च्या दशकापासून हिपॅटायटिस सी च्या पेशंटचं रक्त काढत होते, जोडीला कमी लोहाचं जेवण, आणि त्याने एसजीपीटी खरोखर उतरायचं. तुम्हाला कुणी सांगितलेला रक्त काढायचा सल्ला तिथून आलाय, तो अडाणीपणाचा नाही, पण तो त्या काळचा आहे जेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन एवढंच हातात होतं, अर्ध्याअधिक लोकांना ते लागू पडायचं नाही किंवा सोसायचं नाही. मग व्हायरस काढता येत नाही तर निदान लोह तरी काढू, हा विचार बरोबरच होता.

आज तशी वेळ नाही. सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीची औषधं आल्यापासून बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्यांत व्हायरस पूर्ण जातो, शंभरात पंच्याण्णवच्या आसपास लोक बरे होतात. भारतात 2015 पासून याची जेनेरिक औषधं मिळायला लागली आणि 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कंट्रोल प्रोग्रॅममध्ये तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. तेव्हा रक्त काढत बसण्यात वेळ घालवू नका. आणि हो, रक्त काढायचंच आहे तर रक्तदान का नको असा विचार कुणाच्या मनात आला असेल तर स्पष्ट सांगतो, हिपॅटायटिस सी झालेल्या माणसाने रक्तदान करायचं नाही, बरं झाल्यावरसुद्धा नाही. 1996 साली आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी सक्तीची तपासणी नव्हती, ती 2001 पासून आली, मिस्टरांना इन्फेक्शन बहुतेक तिथूनच लागलं असेल. ज्यांना ज्यांना 2001 च्या आधी रक्त चढवलंय त्यांनी एकदा अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस सी ची रक्ततपासणी, करून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगतो.

गोळ्या सुरू करायच्या आधी दोन गोष्टी मात्र नक्की करून घ्या. एक फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते कळेल. साधारण 12.5 किलोपास्कलच्या वर गेलं तर सिरोसिस धरून चालतो, मग औषधाची जोडी आणि मुदत बदलू शकते. दुसरी, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, म्हणजे हिपॅटायटिस बी च्या रक्ततपासण्या. हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण तुमची नणंद म्हणजे मिस्टरांची सख्खी बहीण, आणि हिपॅटायटिस बी आपल्याकडे बऱ्याचदा आईकडून मुलांना जन्माच्या वेळी लागतो, तेव्हा भावालाही तो असण्याची शक्यता खरीखुरी आहे. दोन्ही व्हायरस असतील तर सी बहुतेक वेळा बी ला दाबून ठेवतो, आणि सी काढला की बी उसळी मारू शकतो, लिव्हर फेल होण्यापर्यंत. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये या गोळ्यांच्या पाकिटावर तशी ठळक सूचना घालायला लावली. आधी कळलं तर काहीच प्रॉब्लेम नाही, बी चं औषध जोडीला देता येतं. तुमची आणि मुलांची तपासणी आणि हिपॅटायटिस बी ची लसही या निमित्ताने उरकून घ्या.

दारूबद्दल तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार थोडी होते. थोडीही नको. दारू स्वतः हेप्सिडिन दाबते, व्हायरसशी काही संबंध नसताना. म्हणजे आधीच दबलेल्या हार्मोनवर वरून आणखी एक दाब, आणि आतडं जास्तच लोह ओढतं. या एका गोष्टीत मी कधीच सूट देत नाही.

कढईचं. लोखंडी कढईत चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट शिजवलं की लोह उतरतं हे खरंय. मिस्टरांची आमटी-सांबार तेवढं स्टीलमध्ये करा, भाकरीचा तवा लोखंडी राहिला तरी चालेल. लोहाची टॉनिकं, मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह, लोह भस्म, मंडूर भस्म, व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या, हे इलाज पूर्ण होईपर्यंत बंद. पण पालक, मेथी, नाचणी, डाळी बंद करू नका, आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह तसंही फार थोडं शोषलं जातं आणि त्यात बाकीचं चांगलं पुष्कळ आहे. मटण-कलेजी कमी करा. तुम्ही कोकणातले आहात तर एक सांगतो, कालवं, तिसऱ्या नीट शिजवूनच खायच्या, अर्धवट नाही. समुद्राच्या पाण्यात एक जंतू असतो जो मोकळं लोह मिळालं की भयंकर वेगाने वाढतो, आणि लिव्हर खराब असलेल्या, लोह साठलेल्या माणसाला तो एक-दोन दिवसांत घेऊन जाऊ शकतो.

आता नणंद. तिचं मला जास्त वाईट वाटलं, कारण तिला कुणीतरी भावाचा नियम लावलाय. फेरिटिन 9 याचा अर्थ लोहाचा साठा संपलेला आहे, यात दुमत नाही. सूज किंवा लिव्हरचा त्रास फेरिटिन वाढवतो, कमी कधीच करत नाही, म्हणजे हिपॅटायटिस असूनही 9 आलंय तर कमतरता पक्की. हिपॅटायटिस बी मध्ये हेप्सिडिनचं चित्र सी इतकं एकसारखं नाही, कुणात कमी, कुणात जास्त, आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं, आणि "बी आहे म्हणून लोह नको" असा नियम कुठेच नाही. ज्याच्याकडे लोहच नाही त्याच्या लिव्हरमध्ये ते साठणार कसं?

तिला गोळी देताना हेप्सिडिनचंच ज्ञान कामाला येतं. 60 मिलिग्रॅम किंवा जास्त लोहाची एक गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण 24 तास वर राहतं, त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं आणि उरलेलं पोटात जळजळ, बद्धकोष्ठता करतं. झुरिचच्या टीमने 2015 आणि 2017 मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे नीट दाखवलं. म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्यांपेक्षा सकाळी एक, आणि झेपत नसेल तर एक दिवसाआड एक, हे जास्त बरं. लिंबू सरबताबरोबर घ्यावी, चहा दीड-दोन तास लांब. पण गोळी सुरू करून विषय संपवू नका, लोह गेलं कुठे ते शोधा. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, आणि हिपॅटायटिस बी आहे म्हणून खास करून हे की शौच काळी डांबरासारखी होते का. गोळी चालू असतानाही शौच काळी होते, त्यामुळे हे आधीच विचारून ठेवा. सिरोसिस झाला असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून हळूहळू रक्त जात असू शकतं, तशी शंका आली तर एंडोस्कोपी लांबवू नये.

वाचणाऱ्यांमध्ये थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील असतील तर त्यांच्यासाठी वेगळं. तिथे लोह रक्त चढवण्यातून येतं, अस्थिमज्जा एरिथ्रोफेरोन नावाचं हार्मोन सोडून हेप्सिडिन दाबते, आणि वर हिपॅटायटिस सी असेल तर आणखी एक दाब. तिथे लोह काढायची औषधं चालूच ठेवावी लागतात, व्हायरस गेला म्हणून ती थांबवायची नाहीत. त्यांनी वरचे माझे सल्ले स्वतःला लावू नयेत, आपल्या हिमॅटॉलॉजिस्टना विचारावं.

मिस्टरांचं पुढचं गणित असं. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी एचसीव्ही आरएनए (रक्तात व्हायरस आहे का ते बघणारी टेस्ट) करायचं, तो निगेटिव्ह आला तर व्हायरस गेला. त्याच रक्तात फेरिटिन, आयर्न आणि टीआयबीसी करून घ्या. बहुतेकांचं फेरिटिन तोवर बरंच उतरलेलं असतं आणि सॅच्युरेशनही खाली येतं. नाहीच आलं तर मग दारू, फॅटी लिव्हर, शुगर बघू, लागलं तर एमआरआयवर लिव्हरमधलं लोह मोजू, आणि तेव्हाही भरपूर निघालं तर रक्त काढायचा विचार करू. फायब्रोस्कॅनमध्ये सिरोसिस निघाला असेल तर व्हायरस गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, त्यात खंड नको. फायब्रोस्कॅन आणि एचबीएसएजीचे रिपोर्ट आले की इथेच लिहा, कोणती जोडी आणि किती आठवडे ते डॉक्टरांशी बोलताना काय काय विचारायचं ते सांगतो.